आधी फळा पुसा!

परवा नात लॅपटॉप घेऊन आली. चेहरा रडवेला. "आजी, चार दिवसांत प्रोजेक्ट द्यायचंय आणि हा म्हणतो मेमरी नाही. बाबांना सांग ना, नवीन घ्यायला!"

मी भवानी पेठेतली निवृत्त शिक्षिका, मराठी माध्यमातून बी.ए. 'आर' हे आकडेवारीचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, हेही मला तेव्हाच कळलं. पण मूल रडायला लागलं की "नेमकं काय लिहिलंय ते वाच" म्हणायची जुनी खोड. लिहिलं होतं, ७६.३ एमबीची जागा मिळत नाही.

"एवढीशी? लॅपटॉपला तर ४ जीबी आहे!"

मग दोघींनी कागदावर हिशेब मांडला. पिकांच्या १ कोटी नोंदी, २० रकाने, सगळे आकडेच. एका आकड्याला ८ बाइट, म्हणजे एक रकाना ८ कोटी बाइटचा. तेच ते ७६.३ एमबी! सगळे मिळून दीड जीबी. त्यात आर सगळं एकदम मेमरीत धरतं, वर काम करताना नकला काढतं. संदेशातला आकडा होता फक्त शेवटच्या, न मावलेल्या तुकड्याचा. कुणी सांगितलेली मर्यादा वाढवायची आज्ञा तर २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून निकामीच झालेली.

मला तर हा फळाच वाटला. कपाटात कितीही पुस्तकं असोत, फळ्यावर मावेल तेवढंच लिहायचं.

"तुला रकाने किती लागतात गं?"

"चार."

मग बाकीचे सोळा वाचायचेच कशाला? चारच वाचले, जुनी उत्तरं पुसली, काम झालं. लॅपटॉपचे पैसे वाचले.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे. १९४० च्या दशकात त्यांनी देशातल्या पिकांच्या उत्पादनाचा अंदाज काढायची पद्धत बसवली, ती काय प्रत्येक शेत कापून? यादृच्छिक पद्धतीने निवडलेली थोडी शेतं कापून! आता आकडे फुकट मिळतात, म्हणून आपण सगळेच उचलतो आणि मावलं नाही की यंत्राला नावं ठेवतो.

कधी सगळंच लागतं, हे मान्य. एखाद्या छोट्या गावाचं पीक नमुन्यात सुटूनही जाईल. तेव्हा तुकड्यातुकड्याने वाचावं, नाहीच जमलं तर खुशाल मोठं यंत्र घ्यावं. पण "मला नक्की काय हवंय?" हा प्रश्न खरेदीच्या आधीचा.

असो. माझ्याही कपाटात नको ते बरंच साठलंय.. तुमच्या?