टोळी निघण्याआधी घराकडे बघा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी ट्रॅक्टरमध्ये टाकून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावरच परततात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत मागे उरतात म्हातारा-म्हातारी, शाळेत जाणारी नातवंडे आणि दावणीची जनावरे. या पाच-सहा महिन्यांत म्हातारे माणूस घरात पडले, तर त्याला उचलायला धड माणूस नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया लांबली, की अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया गाठतो. तरीही ‘वय झालं, पाय घसरला’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. तो मिटवू नये, कारण पडण्याची कारणे बहुधा घरातच, डोळ्यांसमोर असतात.

अंगणाच्या कडेला बांधलेले शौचालयच पाहावे. दारात वीतभर उंच पायरी, आत गुळगुळीत फरशीत बसवलेले देशी भांडे, कोपऱ्यात पाण्याची बादली. उकिडवी बसलेली सत्तरीची बाई उठताना भिंत चाचपते. धरायला काही सापडत नाही, म्हणून ती बादलीच्या काठावर भार टाकते आणि बादली सरकते. वेल्डिंगच्या दुकानातला हातभर पाइप त्या भिंतीत पक्का बसवला असता, तर हे टळले असते.

न्हाणीतले शेवाळ, उंबऱ्याजवळचा अंधार, पायात येणारा लुगड्याचा घोळ, झिजलेली चप्पल, डोळ्यांतला मोतीबिंदू या कारणांवरही इलाज आहे. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेणाऱ्याला अंथरुणातून एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते. त्याने आधी काठावर मिनिटभर बसावे, उशाशी बॅटरी ठेवावी. पायांत ताकद राखणेही तितकेच गरजेचे आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या घरगुती व्यायामांनी वृद्धांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. खुर्चीवरून उठणे-बसणे, आधार धरून टाचा उचलणे अशा साध्या हालचालींचा त्यांत समावेश आहे. आशाताईंना त्या शिकवता येतील.

बीडमध्ये हा प्रश्न पुढे आणखी गंभीर होऊ शकतो. २०१९ मध्ये आरोग्य यंत्रणेने जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेकींची शस्त्रक्रिया चाळिशीच्या आतच झाली होती. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन अकाली घटते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. या बायका म्हाताऱ्या होतील तेव्हा साध्या घसरण्यानेही त्यांचे हाड मोडू शकते. त्यांच्या हाडांची तपासणी आजच सुरू व्हायला हवी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. आरोग्य विभागाने त्याच्या मदतीने गावोगावी शिबिरे घ्यावीत.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांना काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. पण ज्याला अर्ज भरता येतो तो मुलगा फडात असेल, तर म्हाताऱ्याने कोणाकडे जायचे? ते काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा टोळ्या निघण्याच्या तोंडावरच येते. तिथेच मागे राहणाऱ्या वृद्धांची यादी वाचावी, कोणत्या घरी शेजारचे कोण रोज डोकावणार ते ठरवावे, प्रत्येकाच्या भिंतीवर मुलाचा, मुकादमाचा, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा १४५६७ हे क्रमांक ठळक अक्षरांत लिहावेत. शौचालयात आणि न्हाणीत धरायला पाइप बसवण्याचा खर्च ग्रामनिधीतून मंजूर करावा आणि ते काम दिवाळीआधी पुरे करावे.