बाम चोळण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे कुरडयांचा घाट घातला होता. पहाटेपासून चीक घोटणं, सोऱ्या दाबणं. दुपारी माझ्या थोरल्या जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या. "पाठ भरून आलीय गं," म्हणाल्या. मी बाम चोळला, शेक दिला. त्यांना दरदरून घाम सुटला होता, मळमळत होतं. ऊन बाधलं, असं आम्ही बायकांनीच ठरवून टाकलं. संध्याकाळी थोरले दीर घरी आले, तेव्हा कुठे दवाखाना. कार्डिओग्राममध्ये हार्ट अटॅक निघाला. ताई वाचल्या. पण ते पाच तास मी बाम चोळत होते, हे काही केल्या विसरता येत नाही.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात माझीही छाती दुखली. यावेळी मी धावतच गेले. डॉक्टरांनी आधी कार्डिओग्राम काढला, मग बरगडीपाशी बोटानं दाबलं. मी ओरडलेच! सोऱ्यानं स्नायू धरला होता.

एका बोटानं जागा दाखवता येते, दाबल्यावर, हात उचलल्यावर, कूस बदलल्यावर किंवा खोल श्वास घेतल्यावर दुखणं वाढतं, तर ते बहुधा स्नायूंचं किंवा बरगडीच्या सांध्याचं. हृदयाचं दुखणं मोघम असतं. ओझं ठेवल्यासारखं, आवळल्यासारखं. ते जबड्यात, मानेत, हातात, पाठीत पसरतं. जिना चढताना सुरू होऊन थांबल्यावर कमी होत असेल, तरी तपासून घ्यायलाच हवं. आणि बायकांमध्ये छातीत कळ न येताही नुसता दम लागतो, मळमळतं, विलक्षण थकवा येतो. मधुमेह असेल तर दुखणं जाणवतही नाही कधी कधी.

मैत्रिणींनो, 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. दाबून दुखतं म्हणून हृदय ठीकच, असं घरी बसून म्हणता येत नाही. पहिला कार्डिओग्रामसुद्धा चांगला येऊ शकतो. म्हणून तो पुन्हा काढतात, ट्रोपोनिनची रक्ततपासणी करतात. माझा कार्डिओग्राम फुकट गेला, असं घरात कुणी म्हणालं. जाऊ दे फुकट!

घाम, दम, मळमळ यांच्या जोडीला असं दुखणं आलं, की 108 ला फोन करायचा. 'हे' घरी येईपर्यंत थांबायचं नाही, कुणाच्या स्कूटरवर मागे बसून जायचं नाही. ताईंनी तो नंबर आता ओट्यावरच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. पुसला की पुन्हा लिहितात.