आधी कोण, मग कोण?

भाद्रपद लागला की आमच्या घरात एक वाद नेमाने उपस्थित होतो, आणि तो असतो क्रमाचा. आरती आधी कोणती म्हणायची, नैवेद्याचे ताट कोणी न्यायचे, पंगतीत पहिल्या पाटावर कोणी बसायचे, याचा निकाल लागेपर्यंत मोदक निवून जातात. होळकरशाहीच्या काळात आमचे पूर्वज इंदुरास आले. त्यांनी बरोबर आणलेली तांब्यापितळेची भांडी केव्हाच मोडीत निघाली. हा वाद मात्र शाबूत आहे. यंदा त्या वादात गणित शिरले. ते कसे, हे वाचकांस सांगावेसे वाटते.

आमची नात, म्हणजे कन्येची कन्या, शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. यंदा ती अकरावीत आहे. गणेश चतुर्थीस आठ दिवस असताना ती शाळेतून आली ती थेट माळ्यावर जाऊन बसली. हाका मारल्या तरी ओ देईना. शेवटी दप्तरातून एक घडी घातलेला कागद काढून तिने आमच्यापुढे धरला. घटक चाचणीचा पेपर होता. विषय ‘परम्युटेशन’, गुण दहापैकी दोन.

“आजोबा, मला गणित येत नाही,” ती म्हणाली. “मी विषय बदलून घेते.”

हे वाक्य आमच्या ओळखीचे होते. १९९५ साली आमची कन्या याच इयत्तेत होती आणि याच प्रकरणाशी अडली होती. एके रात्री वही घेऊन ती आमच्याजवळ आली आणि तिने विचारले होते, “बाबा, इथे गुणायचं का? मिळवायचं का नाही?” आम्ही जन्मभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केली. परंतु त्या ‘का’चे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. ते कबूल करणे जड गेले, म्हणून आम्ही म्हणालो, “सूत्र पाठ कर. फार प्रश्न विचारू नकोस.” गुण कमी पडले तेव्हा तोडगाही आम्हीच सुचविला, “झेपत नसेल तर सोडून दे.” तिने सोडले. पुढे तिचे सारे चांगले झाले. आम्हांस तिने कधी दोषही दिला नाही. पण घरात आकडेमोडीचा विषय निघाला की ती हसून म्हणते, “मला गणित येत नाही.” आईच्या पाटल्या मुलीकडे जाव्यात, तसे ते वाक्य आता नातीकडे आले होते.

ह्या खेपेस आम्ही पुस्तक मागून घेतले. चष्मा पुसून प्रश्न वाचला. पाच माणसे आहेत, खुर्च्या तीन आहेत. त्यांवर माणसे किती प्रकारांनी बसू शकतील? नातीने उत्तर लिहिले होते दहा. त्यावर तांबडी फुली होती. कारण लिहिलेले नव्हते. पुस्तकात सूत्र होते आणि सूत्रात एका आकड्यापुढे उद्गारचिन्ह होते. आम्ही त्या चिन्हाकडे आणि ते आमच्याकडे, असा काही वेळ गेला.

आमच्या सौभाग्यवती तेव्हा माजघरात पाट पुसून ठेवीत होत्या. जवळच तबकात पूजेचे साहित्य निवडलेले होते. त्यांनी विचारले, “काय अडलंय एवढं?” नातीने प्रश्न मराठीत सांगितला. आजीने हात पुसले आणि तीन पाट ओळीने मांडले.

“खुर्च्या नाहीत, पाट आहेत,” त्या म्हणाल्या. “आधी तीनच माणसं घेऊ. ही सुपारी म्हणजे तुझे आजोबा, लवकर फुटत नाहीत म्हणून. हे हळकुंड मी. हा बदाम तू. आता पहिल्या पाटावर कोण?”

“आजोबा.”

“बरं. उरले किती?”

“दोघी. तू आणि मी.”

“त्या कशा बसतील?”

“तू आधी, मी मग, नाही तर मी आधी, तू मग. दोन प्रकार.”

“आता आजोबांना उठव आणि मला बसव. मग तू बस.”

नातीने सुपारी उचलली, हळकुंड ठेवले. मग हळकुंड उचलून बदाम ठेवला. प्रत्येक वेळी उरलेल्या दोघांचे दोन प्रकार झाले. एकंदर सहा. कन्येच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या डोळ्यांपुढे पाटावर मांडलेले होते. पहिल्या पाटावर बसणारा प्रत्येकजण आपल्यामागे दोन दोन पंगती घेऊन येतो. दोन, आणखी दोन, आणखी दोन. तीच ती सारखी बेरीज पुनःपुन्हा करायची, म्हणून तीन दुणे सहा. गुणाकार हा असा बेरजेतूनच निघतो. सूत्र पाठ करणाऱ्यास तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो, इतकेच.

मग तबकातली खारीक आणि खोबऱ्याचा तुकडा हेही माणसांत जमा झाले. माणसे पाच, पाट तीनच. पहिल्या पाटासाठी पाच जण उमेदवार. एक बसला की दुसऱ्या पाटासाठी चार. दोन बसले की तिसऱ्यासाठी तीन. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ.

“साठ!” नात म्हणाली. “मग माझे दहा कुठून आले?”

तिच्या या प्रश्नाने आमच्या मनातले कोडे सुटले. तिने पेपरात केलेली आकडेमोड आम्ही पुन्हा तपासली. तीत एकही चूक नव्हती. पाचांपैकी कोणते तिघे जेवायला बसले, एवढेच विचारले असते तर उत्तर दहाच येते. परंतु निवडलेल्या प्रत्येक तिघांना तीन पाटांवर सहा तऱ्हांनी बसविता येते, आणि दहा सक साठ. एका ठिकाणी केवळ निवड आहे, दुसऱ्या ठिकाणी निवड आणि मांडणी दोन्ही. एखाद्या मंडळात पाच सभासदांमधून दोघांची समिती नेमायची असेल तर दहा पर्याय. त्याच पाचांतून एक अध्यक्ष आणि एक चिटणीस निवडायचे असतील तर वीस. कारण अध्यक्षाला चिटणीस केले तर काय होते, हे मंडळे चालविणाऱ्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

“म्हणजे तुझं उत्तर चुकलं नव्हतं,” आम्ही नातीला म्हणालो. “ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.”

तिने पेपर पुन्हा हाती घेतला, तो मात्र आता निराळ्या नजरेने.

राहता राहिले ते उद्गारचिन्ह. पाचापुढे ते आले म्हणजे पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, अर्थात एकशेवीस. क्रिस्तियान क्रांप या गणितज्ञाने १८०८ साली हे चिन्ह रूढ केले. हिंदी पुस्तकांत त्याला क्रमगुणित म्हणतात. पण तीन पाटांचा प्रश्न सोडविताना पुस्तक एकशेवीसास दोनाने का भागते? आम्ही नातीला पाचही वस्तू एका ओळीत मांडण्यास सांगितले. पहिल्या तिघांना पाट मिळाले, उरलेले दोघे पडवीत उभे राहिले. त्या दोघांत पुढे कोण आणि मागे कोण, याने पंगतीत काहीच फरक पडत नाही. पण एकशेविसात ते दोन्ही प्रकार वेगळे धरलेले आहेत. प्रत्येक पंगत दोनदा मोजली गेली, म्हणून दोनाने भागायचे. सूत्राचा अर्थ एवढाच. आम्हांस तो कळावयास पंचाहत्तरी उलटावी लागली.

याच न्यायाने सारख्या वस्तूंचा प्रश्नही सुटतो. ‘कमला’ या शब्दाच्या तीन अक्षरांच्या सहा मांडण्या होतात. ‘ममता’ याच्या मात्र तीनच, कारण दोन म-कारांची अदलाबदल केली तरी कोणास कळत नाही. ‘काका’ तर कसेही फिरविले तरी काकाच राहतात.

रात्री जेवताना आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, “हे तुम्ही १९९५ सालीच का सांगितलं नाही?” त्यांनी वाढता वाढता उत्तर दिले, “तेव्हा कुणी माजघरात विचारायला आलं नव्हतं.” त्यावर आम्ही आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतील उत्सवाची कार्यक्रमपत्रिका लिहिण्याचे काम अक्षर चांगले म्हणून नातीकडे आले. कार्यक्रम सहा. चिमुकल्यांचे नृत्य, भावगीते, नाट्यगीते, कथाकथन, नकला आणि एकांकिका. कोणता आधी ठेवावा यावरून तीन घरांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती. नातीने हिशेब मांडला. काहीच अट नसेल तर सातशेवीस क्रम. चिमुकली मुले नऊनंतर झोपतात, म्हणून त्यांचे नृत्य पहिले. उरलेल्या पाचांचे एकशेवीस. भावगीते आणि नाट्यगीते दोन्हींना पेटीची साथ एकाच गृहस्थांची, आणि त्यांना मध्ये विश्रांती हवी. म्हणून हे दोन कार्यक्रम लागोपाठ नकोत. ते किती वेळा लागोपाठ येतात? त्या दोघांची मोट बांधून एकच कार्यक्रम समजावा. म्हणजे चार कार्यक्रम, त्यांचे क्रम चोवीस, मोटेतल्या मोटेत आधी कोण याचे दोन प्रकार, एकंदर अठ्ठेचाळीस. एकशेविसातून ते वजा जाता बहात्तर उरले. “भांडण करायचंच तर या बहात्तरांत करा,” असे तिने कार्यकर्त्यांना सांगितले, आणि आश्चर्य म्हणजे ते त्यांनी मानले.

हा विषय नवा नव्हे, हेही तिला कळावे म्हणून आम्ही कपाटातून ‘लीलावती’चे मराठी भाषांतर काढले. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणाचे नाव ‘अंकपाश’. त्यात एक प्रश्न असा आहे की, शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू इत्यादी दहा वस्तू आहेत. त्या हातांत आलटून पालटून दिल्या तर मूर्तीचे प्रकार किती होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांचे चोवीस. नातीने लागलीच हिशेब केला की दर सेकंदास एक याप्रमाणे शंकराने वस्तू बदलल्या, तर सर्व प्रकार संपावयास बरोबर बेचाळीस दिवस लागतील, तेही डोळा न मिटता. इंग्रजीत परम्युटेशन, हिंदीत क्रमचय, भास्कराचार्यांचा अंकपाश, तिन्ही नावांमागे प्रश्न एकच आहे, आणि तो आमच्या माजघरात “आधी कोण, मग कोण?” या शब्दांत वर्षानुवर्षे विचारला जातो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून मठ स्थापिला; चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात तशी नोंद आहे. सगळ्याच आजोबांना एवढे भाग्य लाभत नाही. आमच्या नातीने आमची समजूत घातली, तेवढे आम्हांस पुरे.

गौरी-आवाहनाच्या दिवशी कन्या माहेरी आली. मायलेकी माजघरात बसल्या होत्या. नातीने पाट मांडले, तबक ओढले आणि आजीच्याच शब्दांत विचारले, “पहिल्या पाटावर कोण? उरले किती?” आम्ही ओसरीवरून ऐकत होतो. साठ हे उत्तर कन्येच्या तोंडून आले, तेव्हा आतले बोलणे थोडा वेळ थांबले. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, हे इतकंच होतं?”

“इतकंच होतं,” आम्ही म्हणालो. “मला येत नव्हतं, बाळ. ते मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

ती काही बोलली नाही. आमच्याजवळ पायरीवर बसून राहिली.

वाचकहो, नातीने विषय बदललेला नाही. पुढच्या चाचणीत तिला दहापैकी सात गुण मिळाले. एका शब्दात अक्षर दोनदा आले आहे हे पाहावयाचे ती विसरली. आपल्या घरातले मूल एखाद्या रात्री वही घेऊन येईल आणि ‘का’ असे विचारील. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे, आणि तबकातल्या सुपाऱ्या घेऊन त्याच्याबरोबर खाली बसावे.

जाता जाता, नातीने वाचकांसाठी घातलेला एक प्रश्न. सात माणसांची एका ओळीत पंगत बसायची आहे. त्यांत आजी आणि आजोबा आहेत. पण ह्या दोघांनी शेजारी शेजारी बसू नये, अशी आजीची अट आहे. पंगती किती प्रकारांनी बसतील? उत्तर पुढील अंकी. अट कशासाठी, ते मात्र आम्ही सांगणार नाही.