नोंदणी सहा वर्षांची, पैसा पाच वर्षांचा



ज्या घरातले पोर एम.एस्सी. होऊन मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करते आहे, त्या घराला गाव एकच प्रश्न विचारते, "अजून शिकतंच आहे का?" उत्तर सरळ आहे. ते नुसते शिकत नाही, राबते आहे.

लोहार फाळ तापवून पाणी देतो. पाणी कडक बसले तर फाळ दगडावर तुटतो, कमी पडले तर वाकतो. लोखंड तेच, आतली रचना बदलली. ही रचना मोजायची आणि हवी तशी घडवायची, हेच मटेरियल सायन्स. आपला कापूसही त्यात आला. रुईचा तंतू जवळजवळ सगळा सेल्युलोजचा. कापसाच्या तंत्रज्ञानावर संशोधन करणारी संस्था मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून आहे.

हे काम कोरडवाहूसारखेच. नमुना भट्टीत घालायचा, बिघडला की दुबार पेरणी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी नंबर लावायचा. यंत्र बंद पडले की हंगाम गेला.

आता हिशेब पाहा. नेट परीक्षेतून जे.आर.एफ. मिळालेल्याला १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये. पाच वर्षे झाली की बंद. पण पीएच.डी.ला सहा वर्षे लागू शकतात, हे यू.जी.सी.च्या २०२२ च्या नियमानेच मान्य केले आहे. मग सहाव्या वर्षी पोराने खायचे काय?

ज्याच्या बापाला पगार आहे, तो तरून जातो. कापूस-ज्वारीवाल्याचे पोर पाच वर्षांचे काम अर्धवट टाकून मिळेल ती नोकरी धरते. उभे पीक सोडून शेतातून निघून यावे, तसे.

सरकार म्हणेल, मुदत नसली तर पोरे रेंगाळतील. रेंगाळणाऱ्याला ओळखायला तपासणी आहेच. दोन वर्षांनी वाढीव रक्कम देण्याआधी काम तपासतात, तसेच पाचव्या वर्षीही तपासा. काम झाले असेल तर प्रबंध सादर होईपर्यंत, जास्तीत जास्त सहा वर्षे, पैसे द्या. तेही महिन्याच्या महिन्याला.

आपण घामाचा दाम मागतो. प्रयोगशाळेत राबणाऱ्या आपल्याच पोराचा घाम वेगळा नाही. पुढच्या बैठकीत ही मागणी मांडा. आणि त्या घराला तो प्रश्न पुन्हा विचारू नका.