वडगाव कोणते? : अर्थनोंद चळवळीचा जाहीरनामा

जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजी फौजेला कोंडीत पकडले आणि वडगावचा तह झाला. हे वाचताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मावळातले वडगाव येते. संगणकापुढे येतात ती फक्त चार अक्षरे. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. एकट्या पुणे जिल्ह्यातच ही इतकी वडगावे. तह त्यांतल्या कोणत्या गावी झाला, हे त्याला आपण सांगितलेले नाही. 'शाहू महाराज' म्हणजे साताऱ्याचे, १६८२ साली जन्मलेले, की कोल्हापूरचे, १८७४ साली जन्मलेले? संगणक अंदाज बांधतो आणि चुकला तरी तितक्याच ठामपणे बोलतो. 'पाने घेतली आहेत, चला' म्हणजे जेवायला बसायचे, हे त्याने कुठून ओळखावे?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह २००१ मध्येच अर्थ कळणाऱ्या वेबची कल्पना मांडली. तिची रीत शाळेतल्या व्याकरणाइतकी सोपी आहे. एक गोष्ट, दुसरी गोष्ट आणि त्या दोहोंमधले नाते. वडगावचा तह, ठिकाण, वडगाव मावळ. झाली अर्थनोंद. मात्र प्रत्येक गोष्टीला स्वतःची कायमची ओळख हवी. २०१२ पासून चालू असलेल्या विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर मुंबईचा क्रमांक क्यू ११५६ आहे. मुंबई, बंबई, बॉम्बे ही सगळी त्या एकाच क्रमांकाची नावे. तिथे कोणीही भर घालावी, कोणीही तिथली माहिती फुकट वापरावी.

रीत आहे, जागा आहे, मराठीत हात कमी पडतात. ते हात जमवण्यासाठी ही चळवळ.

आम्ही गावाचे नाव लिहिताना ते नेमके कोणते, ही ओळख सोबत जोडू. माणसाची जन्मतारीख आणि जन्मगाव परिच्छेदात पुरून न ठेवता यंत्राला वाचता येईल असे वेगळे नोंदवू. त्यासाठी स्कीमा डॉट ऑर्गचा शब्दसंग्रह २०११ पासून सर्वांना खुला आहे. आधाराशिवाय एकही नोंद करणार नाही. आणि जिथे जाणकारांत वाद आहे, तिथे वाद लपवणार नाही. शिवजन्माचे साल १६२७ की १६३०, यावर महाराष्ट्राने वर्षानुवर्षे वाद घातला. अशा ठिकाणी दोन्ही साले, प्रत्येकाच्या आधारासह, नोंदली गेलीच पाहिजेत. एकच उत्तर देऊन मोकळे होणारे यंत्र आम्हाला नको आहे.

वृत्तपत्रे, विद्यापीठे, ग्रंथालये आणि शासकीय कार्यालयांकडे आमची मागणी आहे : मराठी मजकूर प्रसिद्ध करताना त्याच्या अर्थनोंदीही सोबत द्या. हे काम दुसऱ्या कोणत्या भाषेतले लोक आपल्यासाठी करणार नाहीत, आणि बुद्रुक-खुर्दमधला फरक त्यांना ठाऊकही नसतो.

ग्रंथपाल, शिक्षक, पत्रकार, प्रोग्रामर, गावचा इतिहास जपणारी मंडळी, सर्वांनी यावे. सुरुवात आज रात्रीच करा : आपल्या गावाची विकिडेटावरची नोंद उघडा आणि तालुका बरोबर लिहिला आहे का, ते पाहा.