समान दर, विषम भार

अमेरिकेत केंद्राखेरीज बहुतेक राज्येही आयकर घेतात. मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेने सर्वांना एकच दर बांधून दिला होता. तो बदलण्याचे ५ प्रस्ताव मतदारांनी फेटाळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मात्र १० लाख डॉलरपुढील उत्पन्नावर ४ टक्के अधिभार मंजूर झाला, तोही शिक्षण आणि वाहतुकीसाठी. धनिक पळून जातील, ही ओरड झालीच! वसुली अपेक्षेहून अधिक झाली.

मूळचे ५ टक्के गवंड्याच्या घासातून जातात, धनाढ्याच्या शिलकीतून. याला समता कसे म्हणावे? तथापि आयुष्यभर सांभाळलेले दुकान उतारवयात विकणाराही त्या एका वर्षापुरता धनाढ्यांत गणला जाऊ शकतो. अधिभाराच्या पुरस्कर्त्यांनी त्याचा वेगळा विचार करावयास हवा होता.