जुन्या संगणकांचे मासिक आणि आगाऊ वर्गणीचा हिशेब

जुन्या घरगुती संगणकांच्या शौकिनांसाठी त्रैमासिक काढावे, असे आमच्या द्वारका परिसरातील दोन तरुणांच्या मनात आहे. जाहिरात मागायला ते कापड दुकानांतही फिरले. बाजारात त्यांची थट्टाच जास्त झाली. जे यंत्र भंगारात किलोने जाते, त्यावरचे मासिक विकत कोण घेणार, असे लोक विचारतात. माझ्या मते घेणारे आहेत, पण थोडे आहेत. थोड्या गिऱ्हाइकांचा धंदा वेगळ्या रीतीने करावा लागतो.

आधी माल कोणता ते पाहू. 1982 साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने इंग्लंडमध्ये स्पेक्ट्रम हा छोटा संगणक 125 पौंडांपासून विकायला काढला. तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरायचा. ऐंशीच्या दशकातच आपल्या देशात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो डीबी स्पेक्ट्रम या नावाने बाजारात आणला. सरकारच्या क्लास योजनेतून 1984 नंतर शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. त्यातले काही नग आजही माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीत पडून असतील.

व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी हकीकत क्रॅश या इंग्रजी मासिकाची आहे. लडलो नावाच्या लहानशा गावातून काही मंडळी टपालाने स्पेक्ट्रमचे खेळ विकत. त्यांची मालाची यादी हीच पुढे मासिक झाली आणि 1984 साली क्रॅश निघाले. गिऱ्हाईक आधी, मासिक नंतर! तोवर ठीक चालले. मग त्याच प्रकाशकांनी एलएम नावाचे तरुणांसाठीचे सर्वसाधारण मासिक काढले. ते थोड्याच अंकांत, 1987 साली बंद पडले आणि 1991 मध्ये कंपनीचेच दिवाळे निघाले. रेट्रो गेमर 2004 साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्याचा प्रकाशक बसला, पण वाचक पक्के असल्याने दुसऱ्या प्रकाशकाने ते उचलले.

आपल्याकडच्या मासिकाने खेळांच्या आठवणी कमी आणि दुरुस्ती जास्त छापावी. स्पेक्ट्रमच्या कळांखाली प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. त्याची पट्टी वर्षांनी कडक होऊन तडकते आणि कळा मुक्या होतात. असे नवे पडदे आजही बनतात. कपॅसिटर सुकतात, तेही बदलता येतात. जुना संगणक टीव्हीच्या एरियलच्या जागी लागे; नव्या टीव्हीवर चित्र नीट येत नाही म्हणून आतून सरळ व्हिडिओची तार काढावी लागते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत हात मुरलेल्या आमच्या कारीगरांना हे काम कठीण नाही. त्यांची मुले मोबाइलकडे वळली आणि हा हुन्नर त्यांच्याबरोबरच संपत चालला आहे. अशा कारीगराला पानामागे मोबदला देऊन लिहिते करावे. लिहिता येत नसेल तर सांगेल तसे उतरवून घ्यावे. भंगारच्या व्यापाऱ्यांनाही चित्रांसह सांगावे की कोणता नग फोडू नये. किलोचा माल नगाने विकला जाईल.

आता पैशाचे. कापडात आम्ही नमुना दाखवतो, ऑर्डर घेतो, मग माल उचलतो. तसाच एक नमुना अंक काढावा, चार अंकांची वर्गणी आगाऊ घ्यावी. दोनशे वर्गणीदार असतील तर सव्वादोनशे प्रती छापाव्या, हजार नव्हे. वर्गणीची रक्कम अमानत आहे. ती वेगळ्या खात्यात ठेवावी आणि अंक टपालात पडल्यावरच त्याचा चौथा हिस्सा काढावा. आजीव वर्गणी तर मुळीच घेऊ नये. पहिल्या वर्षी ती गोड लागते, नंतर टपालखर्च पदरचा जातो. मार्च 2024 पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू आहे, तेव्हा नावाची नोंदणीही आधी करून घ्यावी.

जाहिरातीवर विसंबू नये. जुन्या संगणकाच्या वाचकाला साडीची जाहिरात दाखवून कापडवाल्याला काय मिळणार? ती मुरवत झाली. सुटे भाग विकणारा आणि दुरुस्ती करणारा, हेच खरे जाहिरातदार.

त्या तरुणांना आम्ही सांगितले आहे की वर्षाची वर्गणी भरलेली शंभर नावे आणा. शंभर झाली की मागचे पान चारही अंकांसाठी आमचे, पैसे रोख. त्यांच्या वहीत सध्या एकतीस नावे आहेत. त्यातली चार कारीगरांची आहेत.